गळक्या काचेचा जमाखर्च

गळणाऱ्या वस्तूंचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात नळ, छत्री, कौलारू छप्पर आणि नुकतीच उद्‌घाटन झालेली सरकारी इमारत ही मंडळी येतात. ती गळतात हे सर्वांना मान्य असतं. गळली नाहीत तर लोक हवालदिल होतात. दुसऱ्या वर्गात मोटारगाडीची पुढची काच येते. ही गळते असं सांगितलं, की समोरचा माणूस आधी तुमच्याकडे निरखून पाहतो आणि मग विचारतो, "काच कशी गळेल हो?"

प्रश्न बिनतोड आहे. काच गळत नाही; काचेच्या भोवतालचं गळतं. परंतु ज्याच्या गुडघ्यावर थेंब पडतोय त्याला हा भेद पटवणं कठीण. बँकेच्या खिडकीशी तावातावाने आलेल्या खातेदाराला "चूक बँकेची नाही, सिस्टिमची आहे" असं सांगून बघा, म्हणजे मी काय म्हणतो ते ध्यानात येईल.

आता मी पडलो बँकेतला कारकून. शिक्षण बी. कॉम. गाडीबद्दलचं माझं ज्ञान दार हळू लावावं की जोरात, एवढ्यापुरतंच. तेव्हा या गृहस्थाने काचेवर लेख लिहायचं कारण काय, असं कुणी विचारील. कारण एवढंच, की ज्या गाडीबद्दल मी लिहिणार आहे तिच्या कर्जाला मी जामीन राहिलो होतो. माणूस ज्या वस्तूला जामीन राहतो तिच्याकडे त्याला पुढे कधीच तटस्थपणे पाहता येत नाही. पाच वर्षं तिच्या टायरमधली हवा कमी झाली की माझा श्वास अडकत असे.

गाडी म्हणजे पिकअप. पुढे बेताची केबिन आणि मागे उघडा हौदा. माझ्या थोरल्या भावाने, दादाने, ती २००९ साली घेतली. त्याआधी तो मुंबईला एका कारखान्यात होता. कारखान्याला टाळं लागलं, इकडे आईचे गुडघे गेले, आणि दादा चिपळूणजवळच्या आमच्या गावी परतला. कर्ज काढून त्याने गाडी दारात उभी केली. उन्हाळ्यात आंब्याच्या पेट्या, पावसाळ्यात कुंभार्ली घाटाने कऱ्हाडकडची भाजी, एरवी चिरे, वाळू, मांडवाचं सामान आणि अडीनडीला नवरदेवसुद्धा, असं जे मिळेल ते त्याने वाहिलं. २०१४ साली शेवटचा हप्ता फिटला. साठांपैकी एकही थकला नाही. मी बँकेत असल्यामुळे ही गोष्ट किती दुर्मीळ आहे ते मला ठाऊक आहे. आमच्या मॅनेजरांनी तर ते खातं बंद करताना एक क्षण डोळे मिटले होते.

गाडीच्या कंपनीचं नाव सांगत नाही, कारण तक्रार कंपनीबद्दल नाहीच. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो, म्हणजे जवळजवळ दहा फूट. साठवून ठेवला तर आमचं घर कौलांसकट त्यात पोहायला शिकेल. असले पंधरा पावसाळे अंगावर काढलेल्या गाडीने कुठेतरी एक थेंब गाळला, तर तिला दोष कसा द्यायचा? पन्नाशीत गुडघे दुखायला लागले म्हणून कुणी आईबापांकडे तक्रार घेऊन जात नाही.

थेंबाची सुरुवात २०२१ साली झाली. त्या वर्षी जुलैत वाशिष्ठीला महापूर आला आणि चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. आमचं गाव चढावर, म्हणून गाडी वाचली. जे त्या पुराला जमलं नाही ते पंधरा दिवसांनी एका थेंबाने केलं. दादा घाट उतरत असताना डॅशबोर्डाच्या डाव्या कोपऱ्यात 'टप' असा आवाज झाला. थोड्या वेळाने पुन्हा 'टप'. दादाने बोट लावून पाहिलं. पाणीच होतं.

आता त्या कोपऱ्याच्या बरोब्बर खाली फ्यूज बॉक्स. पाण्याचं आणि विजेचं नातं भावकीसारखं असतं. एकत्र आले की काहीतरी ऐकू येणारच. आमच्या गाडीचा वायपर सुरू केला की हॉर्न वाजू लागला. पावसात दादा गावात शिरला की कोंबड्यांपासून सरपंचांपर्यंत सगळे बाजूला होत. एक-दोन वयोवृद्ध मंडळी तर "पोरगा येता-जाता आठवणीने हाक मारतो" म्हणून दादाची तारीफ करायची.

मग सल्ले सुरू झाले. गावात माणूस आजारी पडला तर निदान तीन माणसं तरी गप्प राहतात. गाडी आजारी पडली तर एकही राहत नाही. एकाने अंगाचा साबण ओला करून फटीत चोळायला सांगितलं, कारण त्याच्या वडिलांनी ट्रॅक्टरची डिझेलची टाकी तशी बंद केली होती. चोळला. पहिल्या सरीला काचेवर असा फेस आला, की गाडी दाढी करायला निघाल्यासारखी दिसू लागली. दुसऱ्याने ग्रीस सांगितलं. तेल आणि ग्रीस काचेच्या रबराला मानवत नाही, ते फुगतं आणि मऊ पडतं, हे आम्हाला पुढे कळलं. तेव्हा फक्त वहिनींच्या लुगड्याला कळलं. तिसऱ्याने दोन रंगांची कणीक एकत्र मळून लावायची असते ती लावली. ती दगडासारखी घट्ट झाली. पण चालत्या गाडीत पत्रा थरथरतो, काच आपल्या जागी हलते आणि दगड काही दोघांबरोबर हलत नाही. आठ दिवसांत कणकेला तडा गेला आणि थेंब नव्या उमेदीने कामावर रुजू झाला.

चौथा सल्ला शहाण्या माणसाचा होता. त्याने सिलिकॉनची नळी आणली आणि डाव्या कोपऱ्याला बाहेरून चांगला बोटभर जाड लेप दिला. केबिनमध्ये दोन दिवस लोणच्याच्या बरणीसारखा आंबट वास होता. वास गेला, थेंबही गेला. सगळ्यांनी त्या माणसाला चहा पाजला. महिन्याने थेंब परत आला. चहा मात्र परत आला नाही.

या सगळ्यात एक खरा उपाय वहिनींनी केला. त्यांनी डॅशबोर्डावर एक प्लास्टिकचा मग आणि एक जुना पंचा ठेवला. बँकेच्या भाषेत याला सस्पेन्स अकाउंट म्हणतात. फरक कुठून येतो ते कळत नाही, तोवर तो एका जागी साठू द्यायचा आणि वरिष्ठ तपासायला येण्याआधी हळूच ओतून टाकायचा.

असे दोन पावसाळे निघाले. तिसऱ्यात गणपती आडवे आले.

आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती. मूर्ती शाडूची. गणपतीच्या शाळेत पाट नेऊन दिला, की त्याच पाटावर मूर्ती घडते. शाळा नदीपलीकडे, नऊ किलोमीटरांवर. पूर्वी वडील डोक्यावरून आणत. गेली काही वर्षं दादा गाडी चालवतो आणि मी डाव्या बाजूला मूर्ती मांडीवर घेऊन बसतो. शाडूची मूर्ती भट्टीत भाजत नाहीत. ती नुसती वाळवलेली, रंगवलेली माती. विसर्जनाला पाण्यात विरघळावी म्हणूनच तशी घडवलेली. विरघळायचं, पण आपल्या वेळेला! आणि २०२३ साली, १९ सप्टेंबरच्या सकाळी, मूर्ती मांडीवर, वर डाव्या कोपऱ्यात थेंब, बाहेर मुसळधार, अशा अवस्थेत मी चालत्या गाडीच्या आत छत्री उघडून बसलो होतो. वाटेत भेटणारे लोक नमस्कार करत. तो गणपतीला होता की छत्रीला, ते सांगता येत नाही.

एवढं करूनही एका वळणावर छत्रीची काडी टपाला अडली, छत्री कलली आणि एक थेंब मूर्तीच्या डाव्या कानावर पडला. सुपाएवढा कान, चुकणार कसा? गुलाबी रंगाचा एक ओघळ खांद्यापर्यंत आला. घरी पोचल्यावर वहिनींनी कापसाने टिपलं, पुतणीने तिच्या रंगपेटीतला रंग लावला आणि पूजा यथासांग झाली. भटजी म्हणाले, "देवाने गाडीतच थोडी आंघोळ उरकली." सगळे हसले. दादा हसला नाही. त्या दिवशी तो मोदक एकच जेवला. आमच्या घरात हा शोक प्रस्तावासारखा प्रकार आहे.

तरीही काच काढून आत काय आहे ते बघायला तो वर्षभर तयार होईना. "अरे, उघडून तर बघू," मी म्हणायचो. तो म्हणायचा, "काढताना फुटली तर?" मी म्हणायचो, "नवी आणू." तो म्हणायचा, "बघू." आता दादाचं 'बघू' म्हणजे काय, हे मी पंचेचाळीस वर्षं पाहतो आहे. जिथं तो 'बघू' म्हणतो तिथं त्याला बघायचं नसतं.

२०२४ साली नारळी पौर्णिमा झाली, पावसाने चार दिवस उघडीप दिली आणि वहिनी दादाला म्हणाल्या, "अहो, यंदा गणपती मी डोक्यावरून आणीन. नऊ किलोमीटर." दादा दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घेऊन बहादूरशेख नाक्यापलीकडच्या चाचांकडे गेला. सोबत मी. रजेच्या अर्जात मी कारण लिहिलं, 'कौटुंबिक.' ते खरं होतं.

चाचा सत्तरीच्या घरातले. काचा बसवण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, सिलिकॉनच्या लेपाकडे डॉक्टर जसा मागच्या डॉक्टरच्या चिठ्ठीकडे बघतो तसं बघितलं आणि विचारलं, "पाणी दिसतं कुठं?"

"डाव्या कोपऱ्यात," दादा म्हणाला.

"मग तिथनं येत नसणार."

हे वाक्य ऐकून मी सावध झालो, कारण हे बँकेतलं वाक्य आहे. आमच्याकडे कोअर बँकिंग यायच्या आधी मी लेजरं लिहिलेली आहेत. ट्रायल बॅलन्स जुळला नाही, की फरक दिसायचा एका जागी आणि घोळ निघायचा भलत्याच पानावर. आमचे एक जुने हेडक्लार्क फरकाला आधी नवाने भागून बघत. निःशेष भाग गेला, की म्हणत, "कुणीतरी आकड्यांची अदलाबदल केलीय. शोधा." चोपन्नाचे पंचेचाळीस झाले, तर फरक नऊच पडतो. पण हे त्या फरकाकडे नुसतं टक लावून बघत बसल्याने सापडत नाही. मागे मागे जावं लागतं.

चाचांचं शास्त्र नेमकं तेच निघालं. त्यांनी केबिनच्या आतून काचेच्या रबराच्या कडेने खडूची पूड भुरभुरवली. मग माझ्या हातात पाण्याचा पाईप दिला. बी. कॉम. माणसाला गॅरेजात एवढंच काम देतात. मी उत्साहाने पाईप टपावर धरला, तेवढ्यात ते ओरडले, "साहेब, वरनं नाय! खालनं सुरू करा. वरनं सोडलं तर सगळीच काच भिजेल, मग कुणाला विचारणार?" तेव्हा आधी खालची कड, पाच मिनिटं. आत पूड कोरडी. मग डावी बाजू, जिच्यावर तीन वर्षं साबण, ग्रीस, कणीक आणि सिलिकॉन यांचे थर चढले होते. कोरडी. डावा वरचा कोपरा. कोरडा! मग वरची कड धरून उजवीकडे सरकत गेलो. दादाच्या डोक्यावर, उजव्या कोपऱ्याच्या अलीकडे पाणी पोचलं मात्र, आतून चाचांचा आवाज आला, "हां, घावला!"

खडूच्या पुढे रेघ उमटली होती. पाणी उजव्या कोपऱ्यात आत शिरत होतं, रबराच्या पोटातल्या खोबणीतून आडवं डावीकडे जात होतं आणि खांबाच्या कडेने खाली उतरून फ्यूज बॉक्सवर प्रकट होत होतं. डावीकडेच का? याचं उत्तर रस्त्यात होतं. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता बांधतात. आपण चालतो डावीकडून. म्हणजे गाडी सदैव किंचित डावीकडे कललेली. शिवाय आमच्या अंगणाचा उतारही डावाच. तीन वर्षं आम्ही डाव्या कोपऱ्याला औषध पाजत होतो आणि दुखणं दादाच्या डोक्यावर बसून मजा बघत होतं.

"आता काच काढावी लागणार," चाचा म्हणाले.

दादाने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "वरनंच काहीतरी मारा ना त्या कोपऱ्यात."

"मारतो. मग पुढल्या साली मधे गळेल." चाचांनी सुरी काढली. "काच फुटायची भीती वाटते? जुनं रबर वाचवायला गेलं की काच फुटते. मी रबर कापून काढणार."

आणि त्यांनी भोवतालचं रबर कलिंगडाची फोड कापावी तसं कापत आणलं. उन्हाने ते इतकं कडक झालं होतं, की तुकडे वाजत पडत होते. उन्हातान्हात रबर आटतं, कोपऱ्यात आखडतं आणि तिथे नखाएवढी वाट मोकळी होते. पाण्याला नखाएवढी पुरते. वायपरखालच्या जाळीतून तर त्यांनी आंब्याची कुजलेली पानं ओंजळभर काढली. पाणी निघून जायची वाट त्या पानांनी बुजवली होती. गाडीने इतके आंबे वाहिले. झाडाने थोडी पानं ठेव म्हणून ठेवली असतील.

दोघांनी आतून हळूच रेटा दिला आणि अख्खी काच बाहेर आली. ती गोणपाटावर भिंतीला टेकून ठेवली. कडेला एका जागी दुधासारखा पांढरा डाग होता. "ही दोन काचांची एक काच," चाचा म्हणाले. "मधे पातळ पडदा. कडेनं पाणी शिरलं की तो असा पांढरा पडतो. तडकली तरी विखरत नाय." घरी येऊन मी या काचेची कुळकथा वाचली. १९०३ साली एदुआर बेनेडिक्टस नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या हातून प्रयोगशाळेत एक चंबू खाली पडला. तडकला, पण फुटून विखुरला नाही, कारण आत सेल्युलोज नायट्रेटचा पातळ थर सुकून बसला होता. त्यातून पुढे ही अशी काच निघाली. आणि गंमत म्हणजे त्याच १९०३ साली अमेरिकेत मेरी अँडरसन या बाईंना काच पुसायच्या वायपरचं पेटंट मिळालं. एकाच वर्षी काच न विखुरण्याची आणि ती पुसण्याची सोय झाली. ती गळू नये याची जबाबदारी मात्र दोघांनीही चिपळूणवर सोडली.

पण त्या वेळी गॅरेजात काचेकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळे चौकटीकडे बघत होते. उजव्या कोपऱ्यात पत्रा तपकिरी होऊन फुगला होता. चाचांनी बोट फिरवलं, तर बोटाला चहाच्या पुडीसारखं काहीतरी लागलं. डाव्या बाजूला सिलिकॉनचा लेप ब्लेडने खरवडला, तर त्याच्याखालीही तोच प्रकार. "हे आंबट वासाचं सिलिकॉन पत्र्याला चालत नाय," चाचा म्हणाले. "आणि वरनं झाकलं, की आतलं पाणी सुकायला वाव नाय." म्हणजे उपायानेही व्याज लावलं होतं.

मग चाचांनी स्क्रूड्रायव्हर उलटा धरला आणि मुठीने चौकटीवर ठोकायला सुरुवात केली. टण. टण. टण. बद्द. दादाने श्वास रोखला. टण. टण. बद्द. बद्द. टण. मी ऑडिटरला पान उलटताना पाहिलं आहे, लॉटरीचा निकाल ऐकणारी माणसं पाहिली आहेत; पण त्या टण आणि बद्दमध्ये जो जीव टांगला होता तसा मी दुसरीकडे पाहिलेला नाही. चौकट कुजली असेल तर गाडीचा ग्रंथ आटोपला. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेसचं सर्टिफिकेट घ्यावं लागतं. कुजक्या गाडीला ते कोण देणार? आणि वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी दादा दुसरी गाडी घेणार कशावर? 'फुटली तर?' हे तो काचेबद्दल विचारत नव्हता, हे मला तिथं कळलं. तो वर्षभर या टण-बद्दलाच भीत होता. गळती झाकून ठेवली होती तोपर्यंत गाडी चालू होती. उघडली, की कुणीतरी 'संपली' म्हणायची शक्यता होती.

ठोकत ठोकत चाचा पूर्ण फिरून आले. "तीन जागा. बोटभर, बोटभर आणि एक वीतभर. बाकी सांगाडा शाबूत आहे." आणि मग दादाच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी चहा मागवला. दादाने दोन कप घेतले.

पुढचे दोन दिवस सरळ कामाचे. कुजलेला पत्रा कापून नवा जोडला, रेड ऑक्साइड मारलं, सुकू दिलं, रंग दिला. गंज आहे तिथं वरून रंग मारणं म्हणजे थकलेल्या कर्जाचं नवं कर्ज करणं, हे चाचांनी न सांगताही मला समजलं. नव्या गाड्यांत काच थेट पत्र्याला चिकटवतात. जुन्यांत तिला रबराची चौकट. नव्या रबराच्या पोटात न सुकणारा काळा लेप भरला, रबर काचेवर चढवलं आणि त्याच्या बाहेरच्या खोबणीत चाचांनी एक दोरी गुंडाळली. साबणाचं पाणी लावलं (साबणाचा सल्ला देणारा अगदीच चुकला नव्हता, जागा तेवढी चुकली होती) आणि काच चौकटीवर टेकवली. बाहेरून दादा आणि मी तळव्यांनी दाबत होतो. आतून चाचा दोरीचं टोक ओढत होते. दोरी सुटत जाईल तसतसा रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवर चढत गेला, कॉलर नीट करावी तसा. शेवटच्या कोपऱ्यात 'टुप्' झालं आणि काच बसली. मग पाईप. या वेळी वरून, खालून, मनसोक्त. खडू कोरडा.

७ सप्टेंबरला चतुर्थी. आम्ही आदल्या दिवशी दुपारी मूर्ती आणायला गेलो आणि नेमका पाऊस कोसळू लागला. मी डावीकडे, मांडीवर गणपती, तोंडावर रुमाल; गणपतीच्या, माझ्या नव्हे. छत्री पायाशी होती. दादाने वायपर लावला. हॉर्न वाजला नाही. वाटेवरच्या कोंबड्या गोंधळल्या.

चार-पाच किलोमीटर कुणी बोललं नाही. दोघांचेही डोळे रस्त्याऐवजी डाव्या कोपऱ्याकडे वळत होते. मग दादा काचेकडे बघतच म्हणाला, "तुला एक विचारायचं होतं."

"विचार की."

"चिमीचं नर्सिंगचं होतंय असं दिसतं. चार वर्षांचा कोर्स. कर्ज काढावं लागेल. ते म्हणतात, एक जामीन द्या." एक वळण गेलं. "गाडी नीट असल्याशिवाय तुला विचारणार कसं? म्हणून थांबलो होतो."

तर पाणी तिथून येत होतं. तीन वर्षं आम्ही काचेचा कोपरा बुजवत होतो आणि या गृहस्थाच्या डोक्यात पोरीची फी ठिबकत होती. आणि विचारायला त्याने वेळही अशी निवडली होती, की माझे दोन्ही हात गुंतलेले आणि मांडीवर साक्षात गणपती. अशा वेळी नाही म्हणणारा कारकून अजून जन्माला यायचा आहे.

"राहतो," मी म्हणालो. "तारण काय?"

दादाने हात उचलून काचेवर दोनदा टिचकी मारली. टण. टण.

दारात वहिनी भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्या पायांवर पाणी घातलं, मूर्तीवरून तुकडा ओवाळून टाकला आणि रुमाल बाजूला करून आधी डावा कान बघितला. मग म्हणाल्या, "या, भावजी."

संध्याकाळी मी पडवीत बसलो होतो. दादाने गाडीतून मग आणि पंचा आणला. मग त्याने न्हाणीघरात ठेवला. पंचा पिळायला म्हणून हाताला पीळ दिला, आणि थांबला. मग तो कोरडा ठणठणीत पंचा त्याने झटकला आणि दोरीवर वाळत घातला.